चांदणी नसलेला फलक

३ जानेवारी

आज दादाच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्याने तो वाचला, घडी घातली आणि पेपरवेटखाली सरकवला, जशा तो रुग्णांच्या तक्रारी सरकवतो. म्हणाला, "महिनाभर विश्रांती घे. भोंगा थंड झाला की बोलू."

भोंगा हे माझं घरातलं नाव. सातवीत वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस आणलं तेव्हा त्यानेच ठेवलेलं. आता तो शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलचा मालक आहे आणि मी तिथे अकरा वर्षं सर्जन होते, तरी नाव तेच.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझीच मला शंका आली तर वाचता येईल. गेल्या मंगळवारी एका सकाळी दोन पित्ताशयं काढली. तेवढाच छेद, तेच टाके, तीच भूल, शेजारशेजारच्या खाटा. शुक्रवारी दोघींची बिलं योगायोगाने हातात पडली. जिचा विमा होता तिचं दुपटीहून जास्त, कारण ते कोणी वाचत नाही. जिचा नव्हता तिच्या नवऱ्याने काउंटरवर हात जोडले, म्हणून तिचं थोडं कमी झालं. आणखी जरा वेळ जोडून उभा राहिला असता तर आणखी झालं असतं.

याच बाईने ऑपरेशनच्या आधी मला विचारलं होतं, "डॉक्टर, साधारण किती होईल?" आणि मी म्हणाले होते, "ते खाली विचारा."

मला माहीतच नव्हतं. अकरा वर्षांत माझ्या कामाची किंमत मला कधी कळली नाही. शिंप्याला आपली कळते. केस कापणाऱ्याला कळते, आणि तो ती आरशाशेजारी लावतोही.

१९ जानेवारी

जागा मिळाली. पूर्वी शिलाई मशीनचं दुकान होतं. दर्शनी खोली लांबट, मागे दोन खोल्या, त्यातली मोठी थिएटरला पुरेल. भिंतींना अजून मशीनच्या तेलाचा वास आहे. नवरा आत शिरल्या शिरल्या पंखे मोजू लागला. तो भूलतज्ज्ञ, दादाकडेच पगारावर होता. काल त्यानेही राजीनामा दिला. मी म्हटलं, तू कशाला? तर म्हणाला, "भूल द्यायला कोणीतरी लागेल ना तुला. भाषणाने सगळे झोपतील असं नाही." कंटाळलाच होता म्हणे तिथे. बरंच झालं.

दादाकडची थोरली सिस्टरही येतेय. तिने एकच अट घातली: ऑपरेशनमध्ये गॉजच्या पट्ट्या मोजायची पद्धत तिचीच चालणार.

७ फेब्रुवारी

फलक रंगला. आज दिवसभर दुसरं काही केलं नाही, पेंटरच्या मागे खुर्ची टाकून बसले.

सहा फूट बाय चार, रस्त्यावरून वाचता येईल असा. सोळा ऑपरेशनं आणि प्रत्येकासमोर एक आकडा. खाली: "यात भूल, औषधं, खोली, टाके काढणं, सगळं आलं. त्याच कारणाने पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं तर आमच्या खर्चाने." शेवटची ओळ नवऱ्याला पसंत नव्हती. मी म्हटलं, गवंडीसुद्धा पडलेली भिंत फुकट बांधून देतो.

पेंटर बोलघेवडा. पित्ताशयाला किती, थायरॉइडला किती, प्रत्येक आकड्यावर त्याचं मत. हर्नियाच्या ओळीला आला आणि गप्प झाला. त्या एका ओळीला त्याने पाऊण तास लावला. मग ब्रश पुसत म्हणाला, "मॅडम, याच्यात सगळं म्हणजे सगळं?"

"सगळं."

"म्हणजे आत गेल्यावर कोणी येऊन कानात सांगणार नाही, की पोटात बसवायची जाळी भारी टाकायची असेल तर त्याचे पैसे वेगळे?"

"नाही."

शर्ट वर करून त्याने दाखवलंच. जांघेच्या वर लिंबाएवढा उंचवटा. दोन वर्षं पट्टा बांधून शिडीवर चढतोय. तीन हॉस्पिटलांत विचारलं, तीन आकडे मिळाले, आणि प्रत्येक ठिकाणी वर "बघू, आत गेल्यावर कळेल". म्हणाला, "मी भिंत रंगवायला घेतो तेव्हा असं म्हटलं तर लोक मला शिडीसकट हाकलतील."

१६ फेब्रुवारी

दहा दिवस. एकही ऑपरेशन नाही. लोक थांबतात, फलक वाचतात, एकमेकांना कोपराने ढोसतात आणि जातात. थिएटरही पूर्ण नाही. ऑक्सिजनच्या पाइपवाला सगळे पैसे आधी मागतोय.

आज तीन फॅमिली डॉक्टर येऊन गेले. पहिल्या दोघांनी आडून, तिसऱ्याने सरळ विचारलं, "मॅडम, पेशंट पाठवला तर आमचं काय?" मी फलक दाखवला. म्हटलं, यात तुमची ओळ नाही. तो हसला आणि खुर्ची जागेवर ठेवून गेला. तेवढी सभ्यता होती.

सिस्टर म्हणाली, "एवढ्या कमीत होतं म्हणजे काहीतरी खोट असणार, असं वाटतं लोकांना."

मग तिने आणखी एक विचारलं: "आणि मॅडम, जे आकडा वाचून परत जातात, त्यांचं काय?"

मी तिला समजावून सांगितलं. किंमत उघडी झाली की स्पर्धा येते, स्पर्धा आली की किंमत उतरते, आज जे परत गेले ते उद्या येऊ शकतात. वीस मिनिटं बोलले. नीट मुद्देसूद झालं. तिने तेवढ्या वेळात चाळीस गॉज घड्या घालून ठेवले आणि म्हणाली, "उद्या म्हणजे कधी, ते फलकावर नाही."

२४ फेब्रुवारी

पाइपवाल्याला तीन पानी पत्र लिहिलं होतं. कराराचं पावित्र्य, शब्दाची किंमत, सगळं त्यात घातलं. आज त्याची माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत काम पुरं करून गेली. लेखणीत अजून दम आहे. नवऱ्याला म्हटलं, बघ, माणसाच्या विवेकाला हात घालता आला पाहिजे. तो म्हणाला, "हो, पत्र चांगलंच होतं."

गाडी गॅरेजमध्ये टाकलीय म्हणे त्याने. दोघं चालत घरी आलो.

२ मार्च

पहिलं ऑपरेशन. पेंटर.

टेबलावर आडवा होईपर्यंत त्याची घासाघीस चालू होती. "मॅडम, फलक मी रंगवलाय. निदान त्याचं तरी काहीतरी."

"तुमच्या रंगकामाचे मी पूर्ण दिले. एक पैसा कमी केला नाही."

"म्हणून म्हणतो, तुम्ही कमी नाही केलेत, मीच जास्त सांगायला हवे होते."

नवरा त्याला म्हणाला, आकडे उलटे मोजा. पेंटरने डोळे मिटून विचारलं, "कुठून, फलकाच्या वरून की खालून?" आणि झोपला.

जाळी व्यवस्थित बसली. (पुढचं नंतर लिहितेय.) घरी जाताना त्याने फलकावरचा आकडा चुकता केला, पावती दोनदा वाचली, उलटी करून मागेही बघितली. मागे काही नव्हतं. दाराशी उभा राहून फलकाला म्हणाला, "अक्षर चांगलं आहे बरं का."

पुढच्या आठवड्यात त्याच्याच ओळखीचे चौघे आले. सगळे शिडीवर चढणारे.

११ मार्च

आज माझ्या एका लाडक्या भाषणाला भोक पडलं. प्रामाणिकपणे लिहिते.

दुपारी दोन वाजता एका बाईने नवऱ्याला रिक्षातून उचलून आणलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात. त्याला घाम फुटलेला, तिच्या पायात दोन वेगळ्या चपला. दोघांनीही फलकाकडे बघितलं नाही. पोट धरून कळवळणारा माणूस चार दारं फिरून भाव विचारत नाही. वीस वर्षं मी ग्राहकाच्या निवडीवर बोलतेय आणि त्या भाषणांत हा माणूस एकदाही नव्हता.

अर्ध्या तासात आत घेतला. पैशांचं कोणी काढलं नाही, मी काढू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी (म्हणजे आज नाही, १४ला, ही ओळ नंतर लिहितेय) ती बाई फलकावर बोट ठेवून उभी होती. आत येऊन सिस्टरला विचारते, "हा आकडा ॲडव्हान्सचा ना?"

"नाही हो. हाच सगळा."

ती बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग रडली. मग पुन्हा उठून फलक वाचून आली.

तर माझं उत्तर असं: ज्याला निवांत वाचता येतं त्याने वाचून, तुलना करून उतरवलेला आकडा, ज्याला वाचायची उसंत नाही त्यालाही तोच लागला पाहिजे. म्हणून फलक. भोक बुजलं. पूर्ण नाही, पण आता पाणी येत नाही.

सिस्टरच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही.

२० मार्च

चार दिवस एक बाई समोरच्या फुटपाथवर उभी राहून वहीत काहीतरी लिहिते. आज रस्ता ओलांडून गेले. तिने वही पर्समध्ये घातली. ओळखलं, दादाच्या बिलिंग काउंटरवरची.

"आकडे उतरवताय?"

"नाही, म्हणजे, सरांनी सांगितलं..."

तिला आत आणलं, चहा दिला. आणि नुसता फलक कशाला, माझ्याकडचा सगळा हिशोबाचा कागदच छापून हातात ठेवला: जाळी कुणाकडून, टाक्यांचा धागा कितीला, भुलेचं औषध कुठल्या व्यापाऱ्याकडून, दिवसाला किती केसेस बसवल्या की भाडं निघतं. म्हटलं, सरांना सांगा, चोरून बघायची गरज नाही, इथे सगळं उघड्यावर आहे.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो जेवताना थांबला. "सगळा कागद?"

"सगळा. घाबरते की काय मी?"

"नाही," म्हणाला, "तू कशाला घाबरशील."

४ एप्रिल

वैद्यकीय परिषदेची नोटीस. "दरांचा जाहीर फलक वैद्यकीय व्यवसायाच्या प्रतिष्ठेस बाधक आहे. आपली नोंदणी स्थगित का करू नये?" सुनावणी २ मे. नोंदणी गेली की दार बंद. पेंटरपासून पुढे चौतीस माणसं त्या दारातून चालत बाहेर गेलीत, पस्तिसावं जाणार नाही.

तक्रारीवर नऊ सह्या. पहिली दादाची. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तो हुबेहूब करायचा, ते वळण अजून तसंच आहे.

फोन केला. "सही करताना काही वाटलं नाही?"

"वाटलं की," तो म्हणाला. "पेन चांगलं नव्हतं. हे बघ, आपण डॉक्टर आहोत. भाजीवाले नाही."

"भाजीवाल्याला भाव विचारला तर तो काउंटरवर पाठवत नाही."

"झालं. भोंगा सुरू."

मी फोन ठेवला. भाषण लिहायला घेतलंय. सुनावणीत पंधरा मिनिटं देतात. बावीस पानं झाली आहेत, अजून मुद्द्यावर यायचंय.

गॅरेजवाल्याने अजून गाडी दिली नाही. महिना उलटून गेला. नवऱ्याला विचारलं, खर्च किती सांगितलाय? म्हणाला, नक्की नाही. तोही आमच्याच व्यवसायातला दिसतो, आकडा शेवटी सांगणारा. नवरा म्हणतो चालल्याने कंबर बरी आहे. रोज संध्याकाळी दारात बसून पोटऱ्या दाबत असतो, पण म्हणतो बरी आहे.

१५ एप्रिल

दादाने फलक लावला.

त्याच्या दारात, माझ्यापेक्षा मोठा, आठ बाय सहा. तोच क्रम, तीच सोळा ऑपरेशनं. प्रत्येक आकडा माझ्याहून थोडा कमी.

माझाच कागद. त्याच जाळीवाल्याकडून, त्याच धाग्यावाल्याकडून, फक्त चौपट माल उचलून. हा निव्वळ दरोडा आहे. अकरा वर्षं जिथे राबले तिथूनच माझ्याविरुद्ध तक्रार करायची आणि वर माझेच पेशंट माझ्याच आकड्यांनी ओढायचे? आज दोन हर्निया रद्द झाले. एकाने तर निरोपात लिहिलं, "तिकडे थोडं स्वस्त पडतंय, राग नसावा." राग नसावा म्हणे. असल्या स्पर्धेला काही नियम, काही मर्यादा हवी की नको? परिषदेने खरं तर याचा विचार करायला हवा.

१६ एप्रिल

सकाळी नवऱ्याने चहाबरोबर एक जुना कागद समोर ठेवला. सहा वर्षांपूर्वीचं माझं भाषण, डॉक्टरांच्या संमेलनातलं. एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ: "ज्या दिवशी शेजारचा आपल्याहून कमी आकडा लावेल, त्या दिवशी मी पेढे वाटीन."

"पेढे कधी आणू?" म्हणाला.

कालची नोंद पुन्हा वाचली. शेवटची दोन वाक्यं खोडणार होते. नको. राहू देत. माझ्याही हातून "मर्यादा हवी" लिहिलं जातं, हे मला दिसत राहिलं पाहिजे. ज्याचं दुकान चालत असतं त्या प्रत्येकाला आपल्या स्वार्थाला प्रतिष्ठा म्हणायची सवय लागते. मला नऊ आठवडे पुरले.

पेढे आणले. सिस्टरने दोन घेतले.

१८ एप्रिल

पेंटर आला. टाके दाखवायला असं म्हणाला, पण टाके कधीच निघालेत. बसला, पाणी प्यायला आणि कबूल केलं, दादाचा फलक त्यानेच रंगवला.

"मॅडम, धंदा आहे. तुम्हीच म्हणता."

"म्हणते. किती घेतले?"

"तुमच्याहून जास्त. मोठा होता ना." मग पुढे सरकून, हळू: "पण एक सांगू? तिकडे प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर चांदणी आहे. बारीक. आणि अगदी खाली, कुंडीच्या मागे जाईल अशी एक ओळ: भूल, औषधं, खोली वेगळी. इतकं बारीक लिहून घेतलं माझ्याकडून, की मला घरून मुलीचा चित्रकलेचा ब्रश आणावा लागला."

मी जाऊन बघून आले. खरंच कुंडी हलवावी लागली.

परत आल्यावर त्याला तिथेच शिडीवर चढवलं. माझ्या फलकाखाली, आकड्यांहून मोठ्या अक्षरांत एकच ओळ: "येथे चांदणी नाही."

दुपारपर्यंत लोक विचारायला लागले, कसली चांदणी? सिस्टर कुणालाच काही समजावत नाही. "तिकडे जाऊन कुंडी हलवा," एवढंच म्हणते.

२ मे

सुनावणी. लांब टेबल, हिरवा कपडा, पाच ज्येष्ठ डॉक्टर. अध्यक्षांनी माझ्या भाषणाचं बाड बघून चष्मा काढला.

पण भाषणाची पाळीच आली नाही. अध्यक्ष म्हणाले, "आता तक्रारदाराच्या दारातही फलक आहे, म्हणजे तक्रारीत फारसा जीव उरला नाही. भाऊबहिणीचा मामला. आमची सूचना अशी, दोघांनीही आपापले फलक उतरवा. नोटीस मागे. ज्याचे त्याचे दर ज्याच्या त्याच्या आत. सगळे सुखी."

दादा लगेच म्हणाला, "मी तयार आहे."

माझ्याकडे वळून, खाली आवाजात: "घे ना. नोंदणी वाचतेय. पेशंट पुरतील दोघांना. मी तुला आडवा येणार नाही, तू मला येऊ नको."

त्याचा चेहरा खरंच मायेचा होता. लहानपणी शेवटचा तुकडा अर्धा करताना असायचा तसा. आणि नोंदणी समोर ठेवलेली होती, फक्त मान हलवायची. नवरा मागच्या बाकावर होता. मी वळून बघितलं. त्याने मान हलवली नाही, होकाराचीही नाही, नकाराचीही नाही.

मी उभी राहिले. "दोघं भाऊबहीण समजुतीने राहतील आणि सुखी होतील, हे खरं. आमच्या दारात येणारा तेवढा सुखी होणार नाही, आणि त्याला या टेबलावर खुर्ची नाही. त्याच्या डोळ्यांसमोर आम्ही भांडायचं की त्याच्या पाठीमागे जमवून घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे. मी समोर भांडणार. फलक राहील. नोंदणी काढायची तर काढा, पण कारण लिहून द्या, की या बाईने किंमत आधी सांगितली. तो कागद मी फलकाशेजारी लावीन."

बसले. बावीस पानं न उघडता परत आणली. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

बाहेर आलो तर फाटकाशी आमची गाडी. मागच्या काचेवर तोच ओरखडा. मी म्हणणार होते, अखेर दिली का गॅरेजवाल्याने, तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ दार उघडून आत बसले आणि घेऊन गेले.

नवरा चपलेतला खडा काढत होता. खूप वेळ काढत होता.

"पाइपवाला?" मी विचारलं.

"पत्र चांगलंच होतं," तो म्हणाला. मग: "काचेवर आकडा लिहून लावला होता. त्यात सगळं आलं, टायरसकट. घासाघीस नाही. दोन दिवसांत गेली."

मला बोलायला काही सुचलं नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे. पाऊण तास चालत आलो, त्यातला निम्मा वेळ मी त्याचा हात धरला होता.

१९ मे

निकाल. नोंदणी शाबूत. पण समितीला काहीतरी करून दाखवायचंच होतं: "फलकावरील दरांची अक्षरं डॉक्टरांच्या नावाच्या पाटीवरील अक्षरांहून मोठी नसावीत."

पेंटरला बोलावलं. दारावरची वीतभर पाटी काढली आणि माझं नाव फूटभर अक्षरांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लिहून घेतलं. आता दरांची अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतील. सिस्टर रस्त्यापलीकडे जाऊन बघून आली. "छान दिसतंय. सर्कस आल्यासारखं." नवरा म्हणाला, "तुला शाळेपासून हेच हवं होतं."

संध्याकाळी दादाचा फोन. बरेच दिवसांनी.

"तो पेंटर आहे का तिथे? पाठव इकडे. चांदण्या पुसायच्यात." आणि पुढे: "काउंटरवर उभं राहवत नाही पोरींना. प्रत्येक बाई येते आणि पहिला प्रश्न, चांदणीत किती? परवा तर एकीने कुंडीच उचलून आत आणली."

"पाठवते. पण त्याचा दर वाढलाय."

"तूच शिकवलं असशील त्याला." मग जरा टणक आवाजात: "आणि ऐक. सगळं धरून आकडा लावतोय. पित्ताशयात तुझ्या खाली जाणार आहे. आता रडायचं नाही."

"जा," मी म्हटलं. "बघतेच किती खाली जातोस."

फोन ठेवला तेव्हा सिस्टर गॉज मोजत उभी होती. मी तिला सांगितलं. तिने मोजणं पुरं केलं, मगच बोलली. "म्हणजे ते परत गेलेले, त्यातले काही आता येतील."

"काही येतील."

"सगळे नाही."

"नाही."

तिने मान हलवली. हे उत्तर तिला वीस मिनिटांच्या भाषणापेक्षा पटलेलं दिसलं.

उद्या सकाळी भुलेच्या औषधांच्या व्यापाऱ्याला बोलवायचं. धाग्याच्या दुसऱ्या कंपनीचा नमुना मागवायचा. पेंटरला सांगून ठेवलंय, पित्ताशयाच्या ओळीला तेलाचा रंग लावू नको, तिथे खडूच ठेव. तो आकडा आता वरचेवर पुसावा लागणार आहे.